डिस्को दीवाने

डिस्को दीवाने हा पाकिस्तानी गायिका नाझिया हसन आणि त्यांचे धाकटे बंधू झोहेब हसन यांचा पहिला आल्बम आहे. तो इ.स. १९८१ मध्ये प्रकाशित झाला. त्याचे संगीत दिग्दर्शन व निर्मिती मूळचे बंगळूरचे आणि ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले संगीतकार बिद्दू यांनी केली. भारतात हा आल्बम एचएमव्हीने बाजारात आणला. त्या वेळी ही दोन्ही भावंडे शालेय वयाची होती.

पार्श्वभूमी

नाझिया यांचा जन्म ३ एप्रिल १९६५ रोजी कराचीत झाला. बालपणी ही भावंडे पाकिस्तान टेलिव्हिजनवर सोहेल राणा यांच्या मुलांसाठीच्या संगीत कार्यक्रमात गात असत. पुढे लंडनमध्ये अभिनेते व दिग्दर्शक फिरोज खान यांची नाझिया यांच्याशी भेट झाली आणि कुर्बानी (१९८०) या चित्रपटातील 'आप जैसा कोई' हे गीत त्यांना मिळाले. चित्रपटाची इतर गाणी कल्याणजी-आनंदजी यांची होती. हे एक गीत मात्र बिद्दूंचे होते. पडद्यावर ते झीनत अमान यांच्यावर चित्रित झाले. या गीतासाठी नाझिया यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. हे गीत 'डिस्को दीवाने'मध्ये असल्याचा समज आढळतो, परंतु मूळ तबकडीत ते नाही.

स्वरूप

बिद्दूंनी १९७४ मध्ये कार्ल डग्लस यांच्या 'कुंग फू फायटिंग'ची निर्मिती केली होती आणि ब्रिटनमधील डिस्को संगीतात त्यांचे नाव प्रस्थापित झाले होते. पाश्चात्त्य देशांत डिस्कोची लाट ओसरू लागली असताना त्यांनी तेच तंत्र हिंदी-उर्दू शब्दांसाठी वापरले. ढोलांचा अखंड समान ठेका, ठळक बास गिटार आणि सिंथेसायझर यांवर नाझिया यांचा किंचित अनुनासिक, कोवळा आवाज येतो. पार्श्वगायनातील तालीमबद्ध हरकती त्यात नाहीत आणि त्यांची उणीवही भासत नाही. शीर्षकगीताखेरीज 'आओ ना', 'लेकिन मेरा दिल', 'तेरे कदमों को' व 'कोमल' ही गीते आल्बममध्ये आहेत. 'ड्रीमर दीवाने' हे शीर्षकगीताचेच इंग्रजी रूप होय. हा आल्बम पुष्कळदा एकट्या नाझिया यांच्या नावावर मांडला जातो. वस्तुतः झोहेब यांचा गायनात आणि चालींतही वाटा होता.

प्रसार

त्या काळी भारतात लोकप्रिय संगीत म्हणजे जवळजवळ चित्रपट संगीतच असे. गझल, भजन व भावगीत यांच्या ध्वनिमुद्रिका निघत, परंतु तरुणांसाठीच्या नृत्यगीतांना चित्रपटाच्या पडद्यावाचून वाट नव्हती. 'डिस्को दीवाने'मागे ना कथा होती, ना नायिका. दूरदर्शनचे राष्ट्रीय प्रसारणही १९८२ मध्ये सुरू झाले. तरीही तबकड्या आणि नुकत्याच घरोघरी पोचू लागलेल्या कॅसेटी यांच्या बळावर आल्बमची भारतात प्रचंड विक्री झाली.

पाकिस्तानात तेव्हा जनरल झिया-उल-हक यांची लष्करी राजवट होती आणि दूरचित्रवाणीवरील नृत्य-गायनावर कडक बंधने होती. नाझिया यांना पडद्यावर केवळ कमरेच्या वर दाखवले जाई, असे सांगितले जाते. तेथेही आल्बम लोकप्रिय झाला, हे त्यामुळे अधिक लक्षणीय ठरते.

नंतरचा काळ

या जोडीने पुढे बिद्दूंबरोबर स्टार (१९८२) या हिंदी चित्रपटाची गाणी केली. त्यानंतर यंग तरंग (१९८४) व हॉटलाइन (१९८७) हे आल्बम आले. कॅमेरा कॅमेरा (१९९२) हा त्यांचा अखेरचा एकत्रित आल्बम ठरला. बिद्दूंनीच १९९५ मध्ये अलिशा चिनॉय यांच्या मेड इन इंडियाला संगीत दिले. तोवर चित्रपटाबाहेरील हिंदी पॉपला उपग्रह वाहिन्यांचा आधार मिळाला होता.

नाझिया यांचे १३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने, वयाच्या ३५व्या वर्षी निधन झाले. करण जोहर यांच्या स्टुडंट ऑफ द इयर (२०१२) या चित्रपटात 'डिस्को दीवाने' नव्या रूपात वापरले गेले. सुनिधी चौहान व बेनी दयाल यांच्या आवाजांबरोबर त्यात नाझिया यांचा मूळ आवाजही ऐकू येतो.