बाहेर दिलेल्या कामाची जोखीम : कल्याण-भिवंडीच्या कागदांवरून एक विचार

कल्याण-भिवंडी हें जोडनांव मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकास नवें नाहीं. १६५७ च्या अखेरीस हा मुलूख शिवाजीमहाराजांच्या हातीं आला, आणि आरमाराच्या आरंभाचा विचार करूं लागलें कीं खाडीकांठचीं हीं दोन गांवें प्रथम डोळ्यांपुढें येतात. त्या काळचे जे चार कागद उरले आहेत, त्यांवरून काम कोणीं सांगितलें, कोणीं केलें व बुडालें तें कोणाचें, हें बऱ्याच अंशीं सांगतां येतें. परंतु त्याच भिवंडीचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास लिहूं म्हणणाऱ्याची मोठी पंचाईत होते. जेथें यंत्रमाग लाखांनीं मोजावे लागले, त्या गांवचें कापड कोणाच्या सांगण्यावरून व कोणाच्या जोखमीवर विणलें गेलें, हें दाखविणारा कागद सहसा हातीं लागत नाहीं. तीनशें साठ वर्षांपूर्वींचें कळतें आणि चाळीस वर्षांपूर्वींचें कळत नाहीं, ही गोष्ट संशोधकास लाजिरवाणी आहे. पण ही उणीव केवळ वाळवीनें किंवा आळसानें पडलेली नाहीं, असें आमचें मत आहे. तें येथें मांडावयाचें आहे.

परक्या हातीं काम देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. १६५९ सालीं महाराजांनीं कल्याण-भिवंडीच्या खाडींत लढाऊ गलबतें बांधावयास घेतलीं, तेव्हां तें कसब जाणणारीं माणसें पोर्तुगीज मुलखांतून आणावीं लागलीं. रुय लैतांव व्हियेगस हा त्यांचा मुख्य, व त्याच्या हाताखालीं सुमारें ३४० माणसें होतीं. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं गोव्याच्या दफ्तरांतून जें साहित्य उजेडांत आणलें, त्यावरून या प्रकरणाचा शेवटहि कळतो. हीं जहाजें उद्यां आपल्याच अंगावर येतील, ही भीति पोर्तुगीज अधिकाऱ्यांस वाटली; वसईच्या कप्तानानें व्हियेगसची समजूत घातली, आणि तो माणसांसह काम टाकून निघून गेला. नुकसान झालें तें काम सांगणाऱ्याचें झालें. लांकूड त्याचें, पैसा त्याचा, अर्धवट राहिलेलें गलबतहि त्याचेंच. जोखीम दुसऱ्याच्या माथीं ढकलण्यास वाव नव्हता, कारण बंदर, धनी व काम एकाच नांवानें ओळखलें जात होतें.

याच्या जोडीस दोन कागद ठेवावेत. पहिला १६७१ चा. कुडाळचा सरसुभेदार नरहरि आनंदराव यास महाराजांनीं मिठाविषयीं जें पत्र लिहिलें, तें पुष्कळांच्या वाचनांत असेल. बारदेशांत, म्हणजे पोर्तुगिजांच्या अमलांत, मीठ स्वस्त पिकतें. उदमी तिकडे वळतात. आणि संगमेश्वराकडील मीठ पडून राहतें. तेव्हां बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, म्हणजे तें आपल्याकडील मिठाच्या भावास येऊन ठेपेल, असा त्याचा आशय आहे. या पत्राचें कौतुक स्वदेशीच्या दृष्टीनें पुष्कळ झालें आहे. आम्हांस त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. परमुलखींचा स्वस्तपणा ही फुकटची मिळकत नव्हे. तिचा कांहीं भाग कोठें तरी कोणी तरी भरीत असतो, आणि येथें तो आपल्या मिठागरांवरचा आगरी भरीत आहे, हें लिहिणाऱ्यानें ओळखलें आहे. उदम्यास त्यानें दोष दिला नाहीं. नफा दिसेल तिकडे उदमी जाणारच. बंदोबस्ताची जबाबदारी त्यानें सरकारावर, म्हणजे स्वतःवर घेतली.

दुसरा कागद म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवावर असलेलें १७१५ चें आज्ञापत्र. त्यांतील आरमाराच्या प्रकरणीं लांकडाचा जो मजकूर आहे, तो नौकाबांधणीच्या खर्चाचा विचार म्हणून कोणी फारसा वाचीत नाहीं. सागवानादि लांकूड परवानगीनें तोडावें, अधिक लागेल तें परमुलखांतून विकत आणावें. परंतु आंबा-फणसाचीं झाडें आरमाराच्या उपयोगाचीं असलीं तरी त्यांस हात लावूं नये. कारण तीं वर्षां दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात. एखादें जीर्ण झाड घ्यावयाचेंच तर धन्याच्या राजीखुशीनें, मोल देऊन घ्यावें. जहाजाची किंमत सुताराच्या मजुरींत संपत नाहीं, परसांतला आंबा गेलेल्या कुणब्यापर्यंत ती जाते, हा हिशेब येथें सरळ मांडलेला आहे. तो प्रत्यक्षांत किती पाळला गेला हा प्रश्न वेगळा. पण लिहून ठेवण्याइतका तो राज्यकर्त्यास आपला वाटला होता.

एकोणिसाव्या शतकांत चित्र उलटलें. आपल्या अंगावरचें कापड समुद्रापलीकडे लँकेशायरांत होऊं लागलें, व येथून कापूस तिकडे जाऊं लागला. स्वस्त कापडाचा लाभ नेसणाऱ्यास झाला हें नाकारतां येत नाहीं. भार हातमागवाल्यावर आला. पुढें १८५४ पासून मुंबईंत गिरण्या उभ्या राहूं लागल्या, तेव्हां १८९६ च्या कायद्यानें त्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसविण्यांत आली. देशी कारखानदारीस संरक्षण देण्याऐवजीं विलायती मालाशीं तिची बरोबरी करण्याचा हा प्रकार १६७१ च्या पत्राच्या अगदीं उलट होता. ही अबकारी १९२५ च्या डिसेंबरांत तहकूब होऊन १९२६ सालीं रद्द झाली. असो. हा भाग सर्वश्रुत आहे.

त्याच सुमारास कायद्यांत एक रेघ ओढली जात होती. तिचें महत्त्व मात्र कमी ओळखलें गेलें आहे. १८८१ चा पहिला कारखाने कायदा १०० किंवा अधिक माणसें कामावर असलेल्या कारखान्यांस लागू होता. १८९१ सालीं ही मर्यादा ५० वर आली, १९२२ सालीं २० वर, आणि १९४८ च्या कायद्यानें, यंत्रशक्ति वापरणाऱ्या कारखान्यांपुरती, १० वर. मध्यंतरीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणी-कामगारांच्या साडेपांच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे दिला. रविवारची सुटी मागणारा अर्ज म्हणून तो प्रसिद्ध आहे. परंतु कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार मिळावा व कायमचा अपंग झालेल्याची तरतूद व्हावी, हीहि मागणी त्यांत होती. दुखापतीचा खर्च कोणाचा, असा स्पष्ट प्रश्न विचारणारा हा मुंबई इलाख्यांतील महत्त्वाचा जुना कागद आहे, आणि आमच्या मतें आज्ञापत्रांतील आंब्याच्या झाडाशेजारीं तो ठेवण्यासारखा आहे.

या प्रश्नाचें उत्तर १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यानें दिलें. त्याचें बारावें कलम मुद्दाम वाचावें. आपल्या धंद्याचें काम कोणी कंत्राटदाराकडून करवून घेतलें, तरी कंत्राटदाराच्या मजुरास झालेल्या इजेची भरपाई मूळ धन्यानें द्यावी, असें तें म्हणतें. येथपर्यंत न्याय चोख आहे. परंतु त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमांत म्हटलें आहे कीं, अपघात धन्याच्या ताब्यांतील किंवा काम चालावयाच्या जागेबाहेर अन्यत्र झाला असेल तर हें कलम लागू नाहीं. म्हणजे कुंपणाच्या आंत कंत्राटदार आणला तर धनी बांधला जातो, आणि तेंच काम कुंपणाबाहेर पाठविलें तर मोकळा होतो! भिवंडीच्या आधुनिक इतिहासाची किल्ली आम्हांस या एका पोटकलमांत आणि वर सांगितलेल्या दहाच्या आंकड्यांत दिसते.

भिवंडींत हातमाग पूर्वींपासून होते. १८५७ नंतर उत्तरेकडून उतरलेल्या मोमीन विणकरांनीं त्यांत भर घातली. १९३० नंतरच्या दशकांत वीज आल्यावर यंत्रमाग बसूं लागले. मुंबईच्या गिरण्यांनीं टाकून दिलेले जुने माग घेऊन पुष्कळांनीं धंदा मांडला. पुढें सरकारनें गिरण्यांच्या मागांची वाढ रोखून धरली व लहान मागवाल्यांस सवलती दिल्या. हेतु हातमागवाला व लहान कारागीर जगावा हा होता. परिणाम असा झाला कीं दहांच्या आंत माणसें दिसावींत म्हणून एकाच छपराखालचे माग बाप, भाऊ व बायका यांच्या नांवांनीं वेगवेगळे दाखविले गेले. काम व्यापाऱ्याकडून येतें. सूत किंवा तयार बीम तो देतो. कापडाची जात, पन्हा व दर तोच ठरवितो. आणि मागवाल्यास मजुरी मिळते ती इंचामागें पडणाऱ्या आडव्या धाग्यांवर, म्हणजे पिकांवर, पैशांच्या हिशेबानें. त्यांतून वीज, भाडें, मोडतोड व विणणाऱ्याची मजुरी मागवाल्यानें भागवावयाची. विणणारा बहुधा उत्तर प्रदेश, बिहार किंवा तेलंगणाकडचा. बारा बारा तासांची पाळी, आणि जेवण बिशीच्या खानावळींत. बाजार पडला कीं व्यापारी सूत देणें थांबवितो. बंद पडलेल्या मागाचा खर्च त्याच्या वहींत येत नाहीं, व विणणाऱ्याच्या छातींत गेलेल्या कापसाच्या तंतूंचाहि येत नाहीं.

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या सुमारें अडीच लक्ष गिरणी-कामगारांचा संप सुरू झाला, तो विधिपूर्वक कधींच मागें घेतला गेला नाहीं. त्या काळांत गिरण्यांचे माग थांबले, पण बाजारांत गिरण्यांच्या कापडाचा दुष्काळ पडला नाहीं. भिवंडी व अन्य गांवांचें कोरें कापड विकत घेऊन, त्यावर प्रक्रिया करून व आपला शिक्का मारून विकतां येतें, हें मालकांच्या पुरतें ध्यानांत आलें. गिरणींतला कामगार ज्या हक्कांसाठीं दोन पिढ्या झगडला होता, ते हक्क नसलेला दुसरा कामगार तीस मैलांच्या आंत उभा होता. कित्येक गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहींत. समुद्र ओलांडून काम परदेशीं पाठविल्यानें जें होतें असें आज म्हणतात, तें येथें कशेळीची खाडी ओलांडून झालें. अंतराचें महत्त्व नाहीं, कुंपणाचें आहे.

यावर एक आक्षेप येतो व तो हलका नाहीं. भिवंडीचा मागवाला स्वतंत्र उदमी आहे, त्यास कोणीं जबरदस्तीनें माग घ्यावयास लावलें नाहीं. शिवाय हा धंदा नसता तर हजारों विणकर-कुटुंबें हातमागाबरोबरच बुडालीं असतीं. यांतील दुसरा भाग आम्हांस मान्य आहे. काम बाहेर देणें हेंच पाप, असें म्हणणारा १६५९ च्या गलबतांचें काय करणार? पहिला भाग मात्र पटत नाहीं. ज्यास मालाची जात ठरवितां येत नाहीं, दर सांगतां येत नाहीं आणि तयार मालावर स्वतःचें नांव घालतां येत नाहीं, त्यास जोखमीपुरतें तेवढें स्वतंत्र म्हणणें हा शब्दांचा खेळ आहे. विणणाऱ्यास वाईट वागविण्याचा दोष मागवाल्याकडे जातोच. पण तो दुय्यम होय. मुख्य भार शिक्का मारणाऱ्याचा, आणि त्याच्यासाठीं कुंपणाची रेघ ओढून देणाऱ्या सरकारचा. मे २०२० मध्यें टाळेबंदींत अडकलेल्या मजुरांस घेऊन भिवंडी रोड स्थानकावरून गोरखपुराकडे खास गाडी सुटली. त्यांस घरीं पोंचविण्याचा प्रश्न रेल्वेचा, सरकारचा व मजुरांचा स्वतःचा झाला. त्यांनीं विणलेलें कापड घेणाऱ्याचा तो झाला नाहीं.

परदेशांतलें एक उदाहरण येथें उपयोगीं पडेल, कारण त्यांत कागदाचेंच काम आहे. २४ एप्रिल २०१३ रोजीं ढाक्यानजीक सावर येथें राणा प्लाझा नांवाची शिवणकारखान्यांची आठ मजली इमारत कोसळून १,१३४ माणसें मेलीं. तेथील कपडे युरोप-अमेरिकेंतील व्यापाऱ्यांसाठीं शिवले जात. आमचा माल तेथें होत नव्हता, असें म्हणणारे निघाले, तेव्हां ढिगाऱ्यांतून निघालेल्या कपड्यांवरच्या चिठ्ठ्या व मागणीचे कागद पुढें करण्यांत आले. त्याच वर्षीं मे महिन्यांत इमारतींच्या सुरक्षिततेविषयीं व्यापारी कंपन्या व कामगार संघ यांचा बंधनकारक करार झाला, व पुढें २०० हून अधिक कंपन्या त्यांत आल्या. मृतांच्या वारसांसाठीं तीस दशलक्ष डॉलरांचा निधि २०१५ पर्यंत पुरा झाला. परंतु तो देणगीदारांचा निधि या नांवानें! जुन्या कागदांत इनाम, देणें आणि खंड यांतला भेद पाहण्याची ज्यांस संवय आहे, त्यांस या एका शब्दाची मेख सांगावयास नको. दिलेली देणगी धन्य करते, देणें बांधून टाकतें.

आतां पहिल्या पंचाइतीकडे वळूं. भिवंडीच्या व्यवहारांत कागद कमी, याचें कारण कागद हाच दोघांना जोडणारा धागा असतो. व्यापाऱ्याची मागणी बहुधा तोंडी, मागवाल्याचे माग अनेक नांवांत वांटलेले, विणणाऱ्याचें नांव हजेरीपटावर असेलच असें नाहीं. ज्यास जोखीम नको, त्यास नोंदहि नको. तरीसुद्धां कागद अजिबात नाहींत असें नव्हे. बीम पाठविल्याच्या चिठ्ठ्या, सायझिंगवाल्यांचीं बिलें, कोऱ्या कापडाच्या गांठींचीं चलनें, वीजबिलें, बिशीच्या वह्या, मजुरांनीं गांवाकडे पाठविलेल्या मनिऑर्डरींच्या पावत्या, हें सर्व या इतिहासाचें दफ्तर आहे. त्यांत उर्दू, गुजराथी, तेलगू व हिंदी यांची सरमिसळ सांपडेल. मराठी वाचणाऱ्यानें त्यास कंटाळूं नये. पिकाचा दर, कापड नाकारल्याबद्दल केलेली कपात, व माग बंद राहिल्याचे दिवस, या तीन गोष्टी ज्या वहींत एका ठिकाणीं मिळतील ती वही प्रथम नकलून घ्यावी. व्यापाऱ्याचें नांव असेल तर दुधांत साखर.

वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड छापला, तेव्हां पेशवाईचे कागद वाण्याच्या पुड्यांत जात होते. भिवंडींत गेल्या कांहीं वर्षांत बंद पडलेले माग लोखंडाच्या वजनावर भंगारांत विकले जात आहेत. मागाबरोबर गाळा रिकामा होतो, आणि गाळ्यांतल्या फळीवरचें वह्यांचें गाठोडें त्याच गाडींत चढतें. तें रद्दीच्या भावानें विकत घेण्यास अजून फार पैसे पडत नाहींत.