मुळशीचे धरण, कुळांचा हक्क आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

मुळशी तालुक्याच्या पश्चिम भागात टाटांच्या धरणाचा जलाशय पसरला आहे; पूर्व कडेस, हिंजवडी व माण या गावांच्या जमिनींवर, संगणक-व्यवसायाच्या इमारती उभ्या आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे समाजाचे काय होणार, याची चर्चा या दुसऱ्या मुळशीत आज नित्य चालते. ती बहुधा यंत्राच्या सामर्थ्याभोवती फिरते. यंत्राचा लाभ कोणाच्या पदरी पडावा आणि भार कोणी वाहावा हे मालकीची व मोबदल्याची व्यवस्था ठरविते, याचा शंभर वर्षांपूर्वीचा पुरावा मात्र याच तालुक्यात पाण्याखाली आहे.

खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाल्यावर मुंबईच्या गिरण्यांकडून विजेची मागणी वाढत गेली. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या टाटा पॉवर कंपनीने नीला व मुळा यांच्या संगमापाशी धरण बांधण्याचे योजिले. पूर्वेस भीमेकडे वाहणारे पाणी बोगद्यातून पश्चिमेस वळवावयाचे व सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथे पाडावयाचे, ही कल्पना अभियांत्रिकीच्या दृष्टीने निःसंशय भव्य होती. तिच्यासाठी पन्नासाहून अधिक गावांवर संकट आले. आंबेमोहोर भाताची ही खोरी. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट, वि. म. भुस्कुटे, शिवरामपंत परांजपे, शंकरराव देव यांना त्यात कारावास घडला. १९२४ च्या अखेरीस लढा संपुष्टात आला व १९२७ मध्ये भिऱ्याची वीज मुंबईस जाऊ लागली.

या लढ्याकडे ‘शेतकरी विरुद्ध कंपनी’ एवढ्याच दृष्टीने पाहिल्यास त्यातील मर्म हातून निसटते. खोऱ्यातील बरीच जमीन कर्जापायी पुण्याच्या सावकारांच्या नावे झाली होती, आणि ती कसणारे मावळे त्यांची कुळे झाले होते. भूसंपादनाचा १८९४ चा कायदा प्रामुख्याने दस्तऐवजावरील हक्क ओळखत असे. बाजारभाव व त्यावर १५ टक्के अधिक, असा त्याचा हिशोब होता; गायरान, जंगलातील लाकूडफाटा, पिढ्यान्‌पिढ्यांची कसणूक यांना त्यात मोल नव्हते. साहजिकच योग्य किंमत आली की सावकाराचा विरोध मावळे. कुळाचा मावळण्याचे कारणच नव्हते. राजेंद्र व्होरा यांनी या हितविरोधाचे साक्षेपी विवेचन केले आहे. धरण एकच, पाणी तेच; परंतु एकाला त्याने रोख रक्कम दिली आणि दुसऱ्याला देशोधडीस लावले.

विजेच्या दुसऱ्या टोकासही हाच प्रकार आढळतो. मुंबईच्या गिरण्यांत १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे आले, तोपर्यंत सूर्यास्त हीच कामगाराची सुटी असे. दिव्यांनी त्याचे श्रम हलके व्हावयाचे, ते काही गिरण्यांतून दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. दिवा तोच राहिला; तास कमी केले ते कायद्याने व संघटनेने. गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी १९११ मध्ये १२, पुढे १९२२ मध्ये ११ आणि १९३४ मध्ये १० तासांची मर्यादा आली. एका कामगाराकडे अधिक माग व अधिक चाती देण्याच्या योजनेविरुद्ध १९२८ चा सहा महिन्यांचा संप झाला, तेव्हाही वादाचा विषय माग नव्हता. वाचलेल्या श्रमाचे दाम कोणाचे, हा होता.

हिंजवडीची भूमी औद्योगिक विकास महामंडळाने १९६१ च्या कायद्यान्वये संपादन केली. पुण्याच्याच दुसऱ्या कडेस, मगरपट्ट्यात, सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून कंपनी स्थापिली व ते तिचे भागधारक झाले. दोन्ही ठिकाणी आलेला व्यवसाय एकाच जातीचा. जमीन देणाऱ्याचे त्याच्याशी नाते मात्र एके ठिकाणी मोबदला घेतला की संपले, दुसरीकडे ते भाड्याच्या उत्पन्नातून चालू राहिले. (मगरपट्ट्यातील भूमिहीन मजुराला यात काय मिळाले, हा प्रश्न उरतोच.)

कृत्रिम बुद्धिमत्तेचे कच्चे द्रव्य जमीन नव्हे. असंख्य माणसांनी लिहिलेला मजकूर, काढलेली चित्रे, रचलेल्या आज्ञावली हे तिचे खोरे होय. त्यावर शिकविलेली प्रारूपे ज्यांच्यापाशी प्रचंड गणनशक्ती व भांडवल आहे अशा मोजक्या कंपन्यांच्या हाती आहेत. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार नोकरीच्या ओघात केलेल्या लेखनाचा पहिला धनी, वेगळा करार नसल्यास, मालक ठरतो. म्हणजे हिंजवडीतील आज्ञावलीकार आपल्या कृतीचे कूळ आहे, खातेदार नव्हे. अशा मजकुराचा सौदा झालाच, तर किंमत खातेदाराशी ठरेल.

कुळाचा हक्क कायद्याने कधीच मानला नाही असे नाही. मुंबई राज्याचा कुळकायदा १९४८ मध्ये झाला, व पुढील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी बहुसंख्य कुळे कसत्या जमिनीची मालक मानली गेली. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने तर खाजगी कंपनीसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक केली आणि जमीन नावावर नसलेल्या कुळाची व मजुराची उपजीविकाही हिशोबात धरली. पण १९५७ साली मुळशीच्या खोऱ्यात कुळाच्या नावे करावयास ती शेतेच उरली नव्हती. त्यांवर तीस वर्षांपासून धरणाचे पाणी होते.