दर्यावरील जोखीम आणि विम्याचे इमान

नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण करावा आणि मगच गलबत पाण्यात लोटावे, ही आमच्या कोकणपट्टीची पूर्वापार चाल आहे. आमचे थोरले चुलते, ज्यांस आम्ही सारे आबा म्हणत असू, मंगळूरहून कौले आणणाऱ्या एका गलबताचे मालक होते. १९६७ सालच्या एका फेरीत ते गलबत मालासह बुडाले. दैवकृपेने खलाशी वाचले. परंतु विम्याची भरपाई देण्याचे कंपनीने नाकारले. ‘दर्याने अर्धे बुडविले आणि कंपनीने उरलेले,’ हे उद्गार ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. त्या प्रसंगाची खरी हकीकत आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळली. ती सांगण्यापूर्वी दर्यावरील विमा ही संस्था कशी उदयास आली, हे थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे.

समुद्रावरील धोक्याला पैशात मोजण्याची कल्पना आपल्या देशास नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्याजाचे दर दिले आहेत, ते पाहावेत. दरमहा शेकडा सव्वा पण हे धर्म्य व्याज. व्यापारी कर्जास पाच पण. अरण्यातून जाणाऱ्यांस दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यांस वीस! वाट जितकी धोक्याची तितके व्याज अधिक, असा हा हिशेब आहे. मनुस्मृतीतही समुद्रप्रवासात कुशल असलेल्या जाणत्यांनी देश, काळ व लाभ पाहून ठरविलेला दर प्रमाण मानला आहे. प्राचीन ग्रीसमध्येही जहाजावर कर्ज देणारा सावकार, जहाज बुडाल्यास मुद्दलास मुकत असे.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांची जोखमी हुंडी याच जातीची. माल पाठविणारा व्यापारी त्या मालावर हुंडी लिही व ती सावकारास विकी. सावकार रक्कम आगाऊ देई. गलबत सुखरूप बंदरास लागले, तर ज्याच्यावर हुंडी लिहिली असे त्याने ती चुकती करावयाची. गलबत बुडाले, तर पैसे सावकाराचे गेले. अर्थात सावकार हुंडी खरेदी करताना तेवढी किंमत कापून घेई. आजच्या विम्यात हप्ता आधी आणि भरपाई मागाहून मिळते. जोखमी हुंडीत जणू भरपाईच आधी मिळे आणि गलबत पोहोचल्यावर ती परत करावी लागे.

दुसरी जुनी रीत म्हणजे सामायिक नुकसानाची. वादळात जहाज वाचविण्यासाठी काही माल समुद्रात टाकावा लागला, तर ते नुकसान एकाच्या माथी न मारता ज्यांचे ज्यांचे वाचले त्या सर्वांनी प्रमाणाने सोसावे, हा नियम ऱ्होड्स बेटाच्या नावाने प्रसिद्ध असून, सम्राट जस्टिनियनच्या इ. स. ५३३ मधील कायदेसंग्रहात तो ग्रथित झाला आहे. आम्ही जन्मभर गणित शिकविले, म्हणून एक उदाहरण देतो. जहाजाची किंमत ६०,००० रुपये, एका व्यापाऱ्याचा माल ३०,००० रुपयांचा व दुसऱ्याचा १०,००० रुपयांचा. दुसऱ्याचा सर्व माल टाकून जहाज वाचविले. एकूण लाखात दहा हजारांचा तोटा, म्हणजे शेकडा दहा. जहाजमालकाने ६,००० व पहिल्या व्यापाऱ्याने ३,००० द्यावेत. ज्याचा माल गेला त्यास ९,००० मिळून त्याचा स्वतःचा तोटा १,००० वर यावा. हा नियम आजही चालू आहे.

कर्जापासून वेगळा असा निव्वळ समुद्री विमा इटलीतील व्यापाऱ्यांनी रूढ केला. जिनोव्हा येथील १३४७ सालचा करार हा अशा करारांपैकी ज्ञात असलेला सर्वांत जुना मानतात. इंग्लंडात १६०१ साली याविषयी जो कायदा झाला, त्याच्या प्रस्तावनेतच विम्याचे मर्म आले आहे: थोड्यांवर जड पडणारी हानी पुष्कळांत वाटली म्हणजे ती हलकी होते. पुढे लंडनमध्ये एडवर्ड लॉइड याच्या कॉफीगृहात, जे १६८८ च्या सुमारास चालू होते, जहाजमालक व व्यापारी जमू लागले. विमापत्राखाली आपले नाव व आपण पत्करलेली रक्कम लिहावयाची, अशी तेथील पद्धत. त्यातूनच लॉइड्स ही जगद्विख्यात संस्था उभी राहिली. १७९९ साली ‘लुटिन’ हे जहाज सोन्यासह हॉलंडच्या किनाऱ्याजवळ बुडाले, तेव्हा तेथील विमाकारांनी संपूर्ण भरपाई दिली. त्या जहाजाची घंटा १८५८ साली वर काढण्यात आली. जहाज बुडाल्याची वार्ता आल्यास ती एकदा, आणि उशीर झालेले जहाज परतल्यास दोनदा वाजविण्याचा तेथे प्रघात पडला.

परंतु हा सारा डोलारा कोणत्या पायावर उभा आहे? विमा देणारा आपल्या कचेरीत बसलेला असतो. गलबताची फळी कुजली आहे की धड आहे, हे मालकासच ठाऊक. म्हणूनच १७६६ साली इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी, सुमात्रा बेटावरील एका किल्ल्याच्या विम्याचा निवाडा करताना, उभय पक्षांनी परस्परांपासून महत्त्वाची गोष्ट लपवू नये, असा दंडक घालून दिला. आपल्या देशाच्या १९६३ च्या समुद्री विमा अधिनियमातही हेच तत्त्व आहे. या करारास परम सचोटी हवी. विमेदाराने आपणांस ठाऊक असलेली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट करार पुरा होण्यापूर्वी सांगितली पाहिजे. न सांगितल्यास विमाकारास करार रद्द करता येतो.

भरपाई मागण्याची रीतही याच सचोटीवर चालते. अपघात होताच कंपनीस कळवावे. विमा आहे म्हणून हात जोडून न बसता वाचेल तेवढे वाचवावे. तांडेलाची जबानी नोंदवावी. विमापत्र, मालाचे बीजक व माल जहाजात भरल्याची पावती सादर करावी. मग तपासनीस येऊन हानीचे कारण व प्रमाण ठरवितो. जहाज बेपत्ता होऊन वाजवी काळ लोटला व कसलीच वार्ता आली नाही, तर ते बुडाले असे मानण्याची तरतूदही कायद्यात आहे.

आता आबांची हकीकत. सेवानिवृत्तीनंतर घराचा माळा साफ करताना आम्हांस एक पत्र्याची पेटी सापडली. तीत विम्याच्या अर्जाची नक्कल होती: ‘गलबत तपासून घेतले असून सुस्थितीत आहे.’ तिच्याखालीच गलबत पाहिलेल्या मिस्त्रीची चिठ्ठी होती; तारीख अर्जाच्या पंधरा दिवस आधीची. तळाच्या दोन फळ्या कुजल्या आहेत, त्या बदलल्याशिवाय माल भरू नये, असे त्याने स्वच्छ लिहिले होते. चिठ्ठीच्या पाठीवर आबांच्याच अक्षरांत चार शब्द होते: ‘या फेरीनंतर पाहू. कर्ज.’

आम्ही कितीतरी वेळ ती चिठ्ठी हातात धरून बसलो. आबा लबाड नव्हते. कर्जाने गांजलेले होते. परंतु जे त्यांस ठाऊक होते, ते त्यांनी सांगितले नाही, आणि त्या फळ्यांवर सात खलाशांचे प्राण तरंगत होते. याहून दुःखाची गोष्ट पुढची. ‘कंपन्या बुडवितात’ या घरातील समजुतीमुळे आमच्या धाकट्या चुलत्यांनी घेतलेला मचवा विम्यावाचूनच राहिला. तो वादळात फुटला, तेव्हा मागावयास दारच नव्हते. एका लपविलेल्या चिठ्ठीने दोन घरे बसली.

घरातील वडिलांचा दोष चारचौघांत सांगावा की नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. परंतु ज्ञातीच्या साहाय्यनिधीत आपण सारे वर्गणी घालतो, तेही एकाचा भार अनेकांनी उचलावा म्हणूनच. जो उचलतो त्याचा आपल्या शब्दावर विश्वास असतो. तो शब्द खरा असावा, एवढेच आमचे आपल्या घरोघरच्या तरुणांस सांगणे आहे.