जात्यावरचें गायकमंडळ : त्याचे सभासद व त्याची उत्पत्ति

वाद्याच्या आधारावांचून केवळ कंठाच्या बळावर गाण्याच्या रीतीला युरोपांत ‘आ कापेल्ला’ म्हणतात. हा शब्द इतालीय असून ‘प्रार्थनामंदिराच्या रीतीनें’ असा त्याचा अर्थ आहे. रोम येथील सिस्टाइन प्रार्थनामंदिरांत गायकांच्या साथीला ऑर्गनही नसे. आणि १५९४ सालीं निवर्तलेल्या पॅलेस्ट्रीनाच्या रचना हा या पद्धतीचा आदर्श समजला जातो. पुढें ही रीति मंदिराबाहेर पडली. अमेरिकेंतील येल विद्यापीठांत १९०९ सालीं विद्यार्थ्यांचें असें एक मंडळ निघालें, आणि १९९६ सालीं पेनसिल्व्हानिया विद्यापीठांतील भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यांनीं ‘पेन मसाला’ या नांवाचें मंडळ काढून हिंदी गीतें याच रीतीनें गाण्यास आरंभ केला. अशा मंडळांचा इतिहास लिहिणारास फारसे सायास पडत नाहींत. मंडळ कोठें निघालें, केव्हां निघालें, अमुक वर्षीं त्याचे सभासद कोण होते, हें सारें कागदोपत्रीं नमूद असतें.

आपल्या महाराष्ट्रांत असें मंडळ कोणतें, हा प्रश्न कोणी केला तर प्रथमदर्शनीं उत्तर सुचत नाहीं. कीर्तनाला झांज व मृदंग, भजनाला टाळ, पोवाड्याला डफ व तुणतुणें, लावणीला ढोलकी. आपलें गाणें कोठेंही गेलें तरी वाद्य त्याच्या मागोमाग चालतेंच. परंतु हा सारा विचार घराच्या ओसरीवरचा व गांवच्या चव्हाट्यावरचा झाला. ओसरी ओलांडून माजघरांत पाऊल टाकलें, म्हणजे वाद्याचा स्पर्श न झालेलें, आणि वयानें वरील सर्वांहून कदाचित् वडील असलेलें एक मंडळ आपणांस भेटतें. पहाटेच्या अंधारांत जात्याच्या दोहों बाजूंस बसून दळतां दळतां गाणाऱ्या दोन बायका, हें तें मंडळ होय.

त्याची उत्पत्ति किती जुनी आहे याचा लेखी पुरावा सुदैवानें उपलब्ध आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत, महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडण करतांना ओंवी गातात असा स्पष्ट उल्लेख आहे. पुढें तेराव्या शतकांत, देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकरां’त ओंवीचें लक्षण सांगितलें : देशभाषेंत गाइलेले प्रासयुक्त तीन खंड, आणि शेवटीं ओंवी हें पद. ज्ञानेश्वरीचा काल १२९० हा होय. तेव्हां ज्ञानेश्वरांच्या हातीं येण्यापूर्वीं निदान दीडशें वर्षें तरी ओंवी उखळामुसळाजवळ नांदत होती, असें म्हणण्यास हरकत नाहीं. मराठीचा सर्वश्रेष्ठ ग्रंथ ज्या छंदांत अवतरला तो छंद पंडितांच्या सभेंतून आलेला नसून धान्य कांडणाऱ्या हातांतून आलेला आहे, ही गोष्ट आपण जितक्या वेळां आठवावयास हवी तितक्या वेळां आठवीत नाहीं.

ज्यांनीं चालतें जातें पाहिलें नाहीं अशा वाचकांकरितां त्याची रचना थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. दगडाच्या दोन वाटोळ्या तळ्या. खालची स्थिर, वरची फिरती. दोहोंच्या मध्यें खुंटी, वरच्या तळीच्या कडेस लाकडी खुंटा, आणि मधल्या तोंडांत थोडथोडें धान्य सोडावयाचें, त्याला वैरण घालणें म्हणतात. समोरासमोर बसलेल्या दोघींनीं एकच खुंटा धरावयाचा; एकीनें अर्धा फेरा ओढून दुसरीच्या हवालीं करावयाचा आणि दुसरीनें तो पुरा करून परत द्यावयाचा. गाण्याचीही रीत पुष्कळदां हीच असते. एकीनें पहिला चरण उचलावा, दुसरीनें त्यांत आपला कंठ मिळवावा अगर पुढचा चरण घ्यावा. एकीला दम लागला तर दुसरीनें सांभाळून न्यावें. कागदावर दोन ओळींत मावणारी ओंवी गातांना मात्र चांगलीच लांबते. मध्यें ‘बाई’ येतें, ‘गं’ येतें, अर्धा चरण पुनः फिरून येतो. हीं भरतीचीं अक्षरें व्यर्थ नसतात. त्यांच्यामुळेंच लहानमोठ्या मापाचे चरण जात्याच्या एकाच गतींत नीट बसतात.

जात्याची घरघर हें वाद्यच नव्हे काय, अशी शंका येथें कोणी घेईल. दळणाचा तो अखंड घोष तंबोऱ्यासारखा मागें राहतो आणि फेऱ्यांची गति तालाचें काम करते, हें खरें आहे. परंतु वाद्य हें वाजविण्यासाठीं वाजवितात. जातें कोणी नादाकरितां ओढीत नसे. घरांतील माणसांची भाकर त्यांतून बाहेर पडावयाची असे. युरोपांतील मंडळें निरनिराळे स्वर एके ठिकाणीं जुळवून गातात, तर येथें दोन कंठ एकाच चालीनें जातात. असा मोठा भेद असला तरी एका मुख्य गोष्टींत दोहोंचें साम्य आहे. हाताशीं वाद्य नसल्यामुळें प्रत्येकीला दुसरीचा कंठ ऐकतच गावें लागतें. जी शेजारणीचें ऐकत नाहीं तिचें गाणेंही बिघडतें आणि दळणही.

आतां या मंडळाचे सभासद कोण, तें पाहूं. येथें वर्गणी नव्हती, निवड नव्हती आणि राजीनामाही नव्हता. सासू व सून, जाऊ व जाऊ, नणंद व भावजय, अगर भिंतीपलीकडची शेजारीण. ज्या नात्यांतील कलहांच्या कथांनीं आपलीं नाटकें व कादंबऱ्या भरल्या आहेत, त्याच नात्यांतील स्त्रिया रोज पहाटे एका खुंट्यावर हात ठेवीत. नवी सून या मंडळांत येई ती माहेरच्या ओंव्या घेऊन येई, आणि सासरच्या ओंव्या शिके. एका गांवची ओंवी दुसऱ्या गांवीं जाण्याचा राजमार्ग विवाह हाच होता. समोर बसलेल्या सासूला जें बोलून दाखवितां येत नसे, तें ओंवीच्या आडून आईला, भावाला अगर विठ्ठलाला सांगतां येई. आणि सासूही एके काळीं सून असल्यामुळें तें ऐकून न ऐकल्यासारखें करी. सर्वच सभासद घरच्याच असत असें मात्र नाहीं. लोकांचें दळण दळून पोट भरणाऱ्या निराधार विधवाही याच जात्यावर बसत. त्यांचें गाणें ऐकतांना हें मंडळ हौसेनें जमलेलें नसून गरजेनें जमलेलें आहे, याचा विसर पडूं देतां कामा नये.

जात्याला दोघी लागतात, ही साधी गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे संत जनाबाईच्या आख्यायिकेचाही अर्थ अधिक उकलतो. नामदेवांच्या घरची ही दासी. दळणकांडण तिच्या वांट्यास आलेलें. परंपरा सांगते कीं, पंढरीचा विठ्ठल स्वतः येऊन तिला दळूं लागे. पंढरपुराजवळ गोपाळपूर येथें तिचें म्हणून एक जातें भाविकांस अद्यापि दाखवितात. या आख्यायिकेंत आपण देवाचें भक्तवात्सल्य पाहतों, तें योग्यच आहे. परंतु जिला सासू नाहीं, जाऊ नाहीं, नणंद नाहीं, अशा एकाकी स्त्रीच्या समोरची जात्याची बाजू रिकामी असे. ती बाजू परंपरेनें प्रत्यक्ष विठ्ठलाला देऊन टाकली, हेंही त्यांत पाहण्यासारखें आहे.

या मंडळाचीं गीतें सुशिक्षितांनीं जमवावयास घेतलीं तीं विसाव्या शतकांत. साने गुरुजी हे जन्मानें कोंकणांतील, परंतु १९२४ पासून अंमळनेर येथें शिक्षक म्हणून राहिल्यामुळें खानदेशचेच होऊन गेले होते. त्यांनीं बायकांच्या तोंडून मिळविलेल्या ओंव्यांचा संग्रह ‘स्त्रीजीवन’ या नांवानें प्रसिद्ध केला. डॉ. कमलाबाई देशपांडे यांचें ‘अपौरुषेय वाङ्मय’ हें पुस्तक १९४८ चें. पुढें डॉ. सरोजिनी बाबर यांनीं राज्याच्या लोकसाहित्य समितीच्या द्वारें या कार्याला मोठा विस्तार दिला. या सर्वांचे उपकार फार थोर आहेत. तथापि या संग्रहांच्या रीतींत एक उणीव राहून गेली. ओंव्या विषयवार लाविल्या गेल्या : माहेर, सासर, भाऊबहीण, बाळ. शब्द राहिले, विषय राहिले. परंतु चाल राहिली नाहीं आणि गाणारीचें नांव बहुधा राहिलें नाहीं. ‘अपौरुषेय’ हें विशेषण मोठें मार्मिक आहे. पुरुषांनीं न रचलेलें असा अर्थ त्यांतून निघतो, आणि वेदांचा मानही या गीतांना मिळतो. परंतु वेदांना कर्ता नाहीं ही श्रद्धा आहे, आणि ओंवीला कर्ती नाहीं ही केवळ आपली गैरमाहिती आहे.

कर्तीचें नांव राहिलें तर काय घडतें, याचें उदाहरण खानदेशांतच आहे. जळगांवजवळच्या आसोदें गांवीं १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेतांत व जात्यावर काम करतांना त्यांनीं रचलेलीं गाणीं त्यांचे चिरंजीव, कवि सोपानदेव यांनीं व घरच्या मंडळींनीं टिपून ठेविलीं. आणि १९५१ सालीं त्यांचें देहावसान झाल्यानंतर, १९५२ मध्यें, आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानें तीं प्रकाशांत आलीं. त्या संग्रहानें महाराष्ट्र थक्क झाला; आणि २०१८ पासून उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ त्यांच्या नांवानें ओळखलें जातें. बहिणाबाईंची प्रतिभा असामान्य होती, यांत संशय नाहीं. परंतु त्यांच्या घरांत लिहिणारा होता, हा योगही असामान्यच. ज्यांच्या घरीं असा कोणी नव्हता, त्यांच्यापैकीं किती जणी कोणत्या योग्यतेच्या होत्या, याचा निवाडा कोणत्या आधारावर करावयाचा?

ही उणीव भरून काढण्याचा मोठा प्रयत्न पुण्यांत झाला. फ्रान्समध्यें जन्मून पुढें भारताचे नागरिक झालेले गी प्वातवें आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनीं डोंगरी खेड्यांतील गरीब स्त्रियांच्या सहवासांत हें काम आरंभिलें, आणि दोन दशकांच्या परिश्रमांनीं हजारांहून अधिक गांवांतून लाखावर ओंव्या जमविल्या. बर्नार बेल यांच्या साहाय्यानें पुढें त्यांतील कांहींचें ध्वनिमुद्रणही झालें. प्वातवें २००४ सालीं व हेमाताई २०१० सालीं निवर्तल्या. हा ठेवा २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेनें लोकांसमोर आणला आहे. त्यांत ओंवीबरोबर गाणारीचें नांव आहे, गांव आहे, वय आहे, मुलेंबाळें व उपजीविका यांचीही माहिती आहे. मंडळाची सभासद-यादी आठ शतकांनंतर कां होईना, लिहिली जाऊं लागली. आणि त्या यादीनें एक समजही दूर केला. ओंवी म्हणजे केवळ माहेरचें रडणें अशी आपली समजूत होती. परंतु बीड जिल्ह्यांतील माजलगांव येथील भीमनगरांतल्या स्त्रिया त्याच जात्यावर, त्याच चालींत, डॉ. आंबेडकरांचा गौरव गात होत्या. हें मंडळ जुनें होतें, पण शिळें झालेलें नव्हतें.

तरीही तें मोडलें. प्रथम तेलावर चालणारी, मग विजेवर चालणारी पिठाची गिरणी गांवोगांव आली, आणि पहाटेचें दळण संपलें. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांवर हाच प्रकार घडला होता. तेथील स्त्रिया हातमागाचें लोंकरी कापड ओलें करून फळीवर एकत्र आपटीत व त्या ठेक्यावर गेलिक गीतें गात. एकीनें म्हणावें, इतरांनीं धरावें, वाद्य कोणतेंही नाहीं. यंत्रें आलीं आणि त्या बैठकी मोडल्या. जॉन लॉर्न कॅम्बेल यांच्यासारख्यांनीं वेळींच तीं गीतें टिपून घेतलीं म्हणून तीं १९६९ पासून पुढें तीन खंडांत ग्रंथरूपानें निघूं शकलीं. गाणें कामाला बांधलेलें असलें कीं कामाबरोबर तें जातें, हा नियम दोहींकडे सारखाच दिसतो.

मग गिरणीला दोष द्यावा काय? मुळींच नाहीं. ज्यांनीं कधीं खुंटा ओढला नाहीं त्यांनींच जात्याच्या काव्याचा लोभ धरून त्याच्या श्रमाचा विसर पडूं द्यावा, हें न्यायाचें नव्हे. जातें ओढून ज्यांचे खांदे भरून आले, त्यांना गिरणीची घंटाभर विश्रांति ओंवीहून गोड वाटली असेल तर त्यांत नवल तें काय? गेलेलें काम परत आणावयाचें नाहीं. गाणाऱ्या मात्र निनांवी जाऊं द्यावयाच्या नाहींत, एवढाच प्रश्न शिल्लक उरतो.

तो प्रश्न खानदेशाच्या पश्चिम टोकाला आजही जिवंत आहे. नंदुरबार जिल्ह्यांतील शहादें तालुक्यांत पुरुषोत्तमनगर ही सहकारी साखर कारखान्याची वसाहत आहे. एके बाजूस तापी, दुसऱ्या बाजूस सातपुडा. आणि त्या मधल्या पट्ट्यांत अहिराणी, गुजरी, भिल्ली, पावरी अशा किती तरी बोली एकमेकींच्या शेजारीं नांदतात. खानदेशांत श्रावणांत कानबाईचा उत्सव येतो, तेव्हां रोटाचें धान्य दळण्याला आजही धार्मिक मान आहे. लग्नघरीं घाणा भरतांना सुवासिनी मुसळाला हात लावून गाणीं म्हणतात. भाद्रपद-आश्विनांत मुली गुलाबाईचीं गाणीं गातात. रोजचें मंडळ मोडलें तरी नैमित्तिक मंडळ अशा रीतीनें उरलें आहे, आणि सून असतांना पहाटे जात्यावर बसलेल्या आज्या अजून कांहीं घरांतून हयात आहेत. त्यांच्याकडून केवळ ओंवीचे शब्द उतरून घेऊन भागणार नाहीं. चाल ध्वनिमुद्रित करावी. त्यांचें नांव, माहेरचें गांव लिहावें. आणि आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा, जो आजवरच्या संग्राहकांनीं क्वचितच विचारला असेल : खुंट्याला दुसरा हात कोणाचा होता? एकट्या गाणारीचें नांव लिहिलें तर गायिका मिळेल. दोघींचीं लिहिलीं तरच मंडळाचा इतिहास मिळेल.