बेटावरचे घर आणि पायाखालची जमीन

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. घर उभारण्यात किती पैसा, किती खेटे व किती मनस्ताप खर्ची पडतो, हे तीत थोडक्यात सांगितले आहे. परंतु घर उभे राहिल्यावर ते नांदते कशाने राहते, हा प्रश्न म्हणीच्या पलीकडचा आहे. भोवती चार-चार कोस खारे पाणी असलेल्या बेटावर तो प्रश्न फार स्पष्ट दिसतो. कारण तेथे शेजारी गेला की दुसरा शेजारी सहजासहजी मिळत नाही. म्हणून दूरच्या तीन बेटांचा इतिहास या अंकाच्या वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

पहिले बेट सेंट किल्डा. स्कॉटलंडच्या पश्चिमेस, हेब्रिडीज द्वीपसमूहाच्याही पलीकडे ते खुल्या अटलांटिक महासागरात आहे. तेथील वस्ती शेकडो वर्षांची. मेंढ्या पाळाव्यात, थोडे धान्य पिकवावे आणि उंच कड्यांवर दोर लावून समुद्रपक्षी धरावेत, असा लोकांचा चरितार्थ होता. बेट मात्र जमीनदाराचे होते. १८६१-६२ च्या सुमारास त्याने कुळांसाठी सोळा पक्की दगडी घरे बांधून दिली. घरे उत्तम होती, तरी माणसे टिकली नाहीत. १८५२ मध्येच छत्तीस जण ऑस्ट्रेलियास निघून गेले होते. पुढे पहिल्या महायुद्धानंतर तरुण मंडळी एकामागून एक मुख्य भूमीकडे गेली. होडी वल्हवण्यास व कड्यावर चढण्यास पुरेसे हात उरले नाहीत, तेव्हा रहिवाशांनी आपण होऊनच सरकारकडे अर्ज केला. २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेल्या छत्तीस माणसांना घेऊन जहाज निघाले. निघताना त्यांनी प्रत्येक घरात बायबल उघडे ठेवले व शेजारी थोडे धान्य ठेवले, असे सांगतात. ज्यांच्या बेटावर झाड म्हणून नव्हते, त्यांपैकी कित्येकांना पुढे वनखात्यात काम मिळाले. दैवाचा विनोद म्हणावा तो हाच!

दुसरे बेट ट्रिस्टन द कून्हा. हे दक्षिण अटलांटिकमध्ये असून केपटाउनहून सुमारे २,८०० किलोमीटर दूर आहे. तेथे विमान उतरत नाही. आगबोटीने जाण्यास आठवडाभर लागतो. १८१६ मध्ये तेथे ब्रिटिश लष्कराचे ठाणे बसले. ते उठले तेव्हा विल्यम ग्लास नावाचा सैनिक आपल्या कुटुंबासह व दोघा सोबत्यांसह मागे राहिला. १८१७ मध्ये त्यांनी आपसांत करार केला, की सर्वांचा हक्क व सर्वांचा वाटा समान असावा. आजही तेथील जमीन सर्वांच्या सामाईक मालकीची आहे. परक्या माणसास, त्याच्यापाशी कितीही धन असो, तेथे जमीन विकत घेता येत नाही. १९६१ मध्ये ज्वालामुखी जागृत झाल्याने सर्व लोकांना इंग्लंडात नेण्यात आले. तेथे नोकऱ्या होत्या, विजेचे दिवे होते, दवाखाने होते. तरी १९६२ मध्ये मतदान झाले तेव्हा परत जाण्याच्या बाजूने १४८ मते पडली व विरुद्ध अवघी पाच! १९६३ मध्ये बहुतेक मंडळी आपल्या घरी परतली.

एक बेट उठून गेले आणि दुसरे उठवले असताही परत आले. यात अंतर, तरुणांची संख्या इत्यादी अनेक कारणे आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु पायाखालची जमीन कोणाची, हेही एक मोठे कारण असावे असे आम्हांस वाटते. याची साक्ष तिसरे बेट देते.

ते बेट म्हणजे एग. हेही हेब्रिडीजमध्येच आहे. लांबी सुमारे नऊ किलोमीटर, रुंदी पाच. मध्ये ३९३ मीटर उंचीचा काळा सुळका. एके काळी येथे पाचशेंहून अधिक लोक राहत. १८२० नंतरच्या दशकात जुन्या कुलप्रमुखाच्या घराण्याने बेट विकले, आणि तेव्हापासून ते एका धन्याच्या हातून दुसऱ्या धन्याच्या हाती, माणसांसकट जावे तसे जात राहिले. १८५३ मध्ये ग्रूलिन नावाच्या वाडीतील चौदा कुटुंबांपैकी बहुतेकांना मेंढ्यांच्या कुरणासाठी उठवण्यात आले. त्या घरांची जोती अजून दिसतात.

१८८६ च्या कायद्याने स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील लहान कुळांना संरक्षण दिले: वाजवी खंड, बेदखलीपासून अभय, वारसाहक्क, आणि केलेल्या सुधारणांची भरपाई. आपल्याकडे १९४८ चा कूळकायदा व १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. परंतु एगवरील सर्वच रहिवासी अशी कुळे नव्हती. अनेकांपाशी घराचा लेखी करारही नव्हता. उद्या धनी बदलला तर काय, या भीतीने छपराचे कौल बदलण्यास कोण धजेल?

अखेर रहिवाशांनी पंचायत व निसर्गसंरक्षक संस्था यांना सोबत घेऊन न्यास स्थापला, आणि देशभर हाक दिली. हजारो सामान्य लोकांनी लहान लहान रकमा पाठवल्या. एका निनावी बाईंनी फार मोठी देणगी दिली. १२ जून १९९७ रोजी पंधरा लाख पौंडांना बेट न्यासाच्या मालकीचे झाले. त्या वेळी वस्ती साठ-पासष्ट होती. पुढे लोकांना दीर्घ मुदतीचे करार मिळाले, घरे दुरुस्त झाली, नवी उभी राहिली. पूर्वी घरोघर डिझेलची यंत्रे धडधडत असत. १ फेब्रुवारी २००८ पासून पाणी, वारा व सूर्य यांपासून केलेली वीज अहोरात्र मिळू लागली. प्रत्येक घरास एका वेळी पाच किलोवॅटची मर्यादा आहे, आणि ती श्रीमंत-गरीब सर्वांस सारखीच. आज वस्ती शंभराच्या वर गेली आहे. बाहेर गेलेली तरुण मुले परत येऊन तेथे संसार थाटतात, ही गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते.

स्कॉटलंडात २००३ च्या कायद्याने अशी सोयही झाली, की खेड्यातील गृहसंस्थेने एखादा भूखंड विकला, तरी तो पुन्हा विक्रीस निघेल तेव्हा प्रथम विकत घेण्याचा हक्क त्या संस्थेकडे राखून ठेवता येतो. यामुळे घर केवळ सुटीपुरते उघडणाऱ्या धनिकाच्या हाती जाण्याचे टळते. कारण बेटावर बंद घर हे केवळ बंद घर नसते. शाळेत एक मूल कमी, दुकानात एक गिऱ्हाईक कमी, आणि वादळात होडी ओढावयास दोन हात कमी, असा त्याचा अर्थ असतो.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या मूळ गावी वाडवडिलांची घरे कुलूप लावून उभी आहेत. कित्येक तरुण नव्या ठिकाणी जागा घेण्याच्या खटपटीत आहेत. दोघांसही आमचे नम्र सांगणे एवढेच, की खरेदीखत हातात पडले म्हणजे घर पुरे झाले असे समजू नये. जमिनीचा हक्क निर्वेध आहे ना, शाळा चालू आहे ना, अडीअडचणीस धावणारा शेजार आहे ना, हे पाहावे; आणि आपण स्वतः तसा शेजार होणार आहोत ना, हेही मनास विचारावे. सेंट किल्डाची दगडी घरे पक्की होती. त्यांत चूल पेटवणारे कोणी उरले नाही, म्हणूनच ती आज पाहण्याची वस्तू झाली आहेत.