विद्युत्घटाची हजेरी

सोनी कंपनीने १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली तेव्हा प्रभारणाची जुनी वहिवाट मोडली; कारण निकेल-कॅडमियमची बॅटरी थोडाफार अतिप्रभार सोशीत असे, आणि या नव्या बॅटरीला चार व्होल्टांच्या किंचित वर आखलेली मर्यादा ओलांडलेली मुळीच खपत नसे. म्हणून आधी स्थिर प्रवाह, मग स्थिर दाब, आणि प्रवाह क्षीण होताच विराम, असा कडक बंदोबस्त चार्जरमधील चिमुकल्या परिपथाकडे सोपविण्यात आला.

परंतु प्रभारण चालू असता कोणी बॅटरीच काढून घेतली, तर अग्रांवरचा संधारित्र तोच दाब धरून राहतो, प्रवाह शून्यावर येतो, आणि बॅटरी भरल्याची सारी लक्षणे बॅटरीवाचूनच सिद्ध होतात.

यावर अभियंत्यांनी काढलेला तोडगा मला बुद्धिवैभवाचा नमुना वाटतो. परिपथ प्रभारण थांबवून अग्रांतून क्षणभर काही मिलिअँपिअर प्रवाह ओढतो; खऱ्या बॅटरीचा दाब जेमतेम हलतो, संधारित्राचा मात्र कोसळतो. तेवढ्यावर निवाडा होत नाही, कारण अतिशय रिकाम्या झालेल्या बॅटरीचे संरक्षक मंडल उघडले असल्यासही दाब पडतो. यास्तव अल्प प्रवाह उलट देऊन पाहतात, आणि दाब तत्काळ मर्यादेला भिडला तरच बॅटरी गैरहजर ठरते. मोबाइलवाल्यांनी बहुधा बॅटरीच्या तिसऱ्या अग्रावरील थर्मिस्टरचाच आधार घेतला.

पुढे बंद कवचाच्या फोनांनी ही चौकशी मागे टाकली. मात्र युरोपीय संघाच्या २०२३ च्या कायद्याने फेब्रुवारी २०२७ पासून वापरणाऱ्याला काढता येईल अशी बॅटरी बहुतेक सुटसुटीत उपकरणांत पुन्हा आवश्यक केली आहे.