सोल्जर बोर्डाची वाट

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. तिच्यावर इंग्रजीत दोनच वाक्यं. 1914 ते 1919 च्या महायुद्धात या गावातून इतके गडी गेले आणि त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. नावं नाहीत, नुसते दोन आकडे. शाळा सुटल्यावर आम्ही त्या पाटीवर रबरी चेंडू मारायचो. मधोमध लागला तर चार धावा. कुणी रागवायचं नाही, कारण ती पाटी कुणाची हे गावाला धड ठाऊक नव्हतं. मेलेल्यांत आपला कोण हे ज्या घरांना माहीत होतं, त्या घरांतली म्हातारी माणसं तोवर सरली होती.

अशा पाट्या सातारा जिल्ह्यात बऱ्याच गावी सापडतील. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातली 46 माणसं त्या लढाईत गेली. इंग्रजांनी तिथं स्मारक उभारलं आणि गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द चिकटला तो आजतागायत. आपल्याकडं हे शौर्याचं म्हणून सांगतात, आणि ते आहेच. पण आमच्या आबांना विचारलं, की ते म्हणायचे, “पाऊस न्हाई, इहिरीला पाणी न्हाई, घरात पाच भाऊ. मग दुसरं करायचं काय?” पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातल्या पोरांना दोनच वाटा होत्या, एक मुंबईच्या गिरणीची आणि दुसरी पलटणीची. पलटणीत निदान जेवण फुकट होतं.

पहिल्या लढाईत मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या. कुतच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या. पाच महिने वेढा चालला. शेवटी घोडे कापून खायची पाळी आली आणि 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली. पुढं कैदेत आणि कैदेच्या वाटेवर किती मेले त्याला सुमार नाही. इकडं गावात काय कळायचं? पैसे यायचे थांबले, की समजायचं.

मागं राहिलेल्या बायकापोरांचं काय करायचं, हा प्रश्न सरकारला पडला तो याच लढाईत. माणुसकीचा भाग असेल, पण भरतीचाही होताच. मेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही हे दिसलं, तर शेजारचा पोरगा कशाला नाव नोंदवील? 1917 साली इंडियन सोल्जर्स बोर्ड निघालं, त्याच्या खाली प्रांताची बोर्डं आणि त्यांच्या खाली जिल्ह्याची. जिल्ह्याच्या बोर्डाचा अध्यक्ष कलेक्टर. स्वातंत्र्यानंतर नावं बदलली. सैनिक बोर्ड झालं, मग सैनिक कल्याण झालं. आज पुण्याला राज्याचा सैनिक कल्याण विभाग आहे आणि जिल्ह्याजिल्ह्याला त्याचं कार्यालय. पण आमच्याकडं कुणी ते नाव घेत नाही. “जरा सोल्जर बोर्डात जाऊन येतो,” असंच अजून म्हणतात.

बाहेरच्या माणसाचा इथं नेहमी घोटाळा होतो. फौजीला सगळं सरकार देतं, असं त्याला वाटतं. पण पेन्शन, दवाखाना आणि कँटीन केंद्राचं. राज्याचं खातं निराळं. त्यात जिल्ह्याच्या गावची सैनिकी मुलांची आणि मुलींची वसतिगृहं येतात, शिकणाऱ्या पोरांच्या शिष्यवृत्त्या येतात, ‘क’ आणि ‘ड’ वर्गाच्या नोकऱ्यांतल्या माजी सैनिकांच्या 15 टक्के जागा येतात, सरकारी जमीन वाटताना मिळणारा अग्रक्रम येतो. 7 डिसेंबरचा ध्वजदिन 1949 पासून पाळतात. त्या निधीचं उद्दिष्ट जिल्ह्याला ठरवून देतात, आणि ते उतरत उतरत शेवटी गुरुजी, तलाठी आणि ग्रामसेवकाच्या डोक्यावर येऊन बसतं. शाळेत आमच्या छातीला कागदी झेंडा टाचायचे आणि घरून पैसे आणायला सांगायचे. आबा कनवटीचे काढून द्यायचे आणि म्हणायचे, “घे. माजंच मला याचंय फिरून.” आलं मात्र त्यांच्या हयातीत काही नाही.

कारण आबांना पेन्शन नव्हती. 1940 ला ते मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, इटलीपर्यंत जाऊन आले आणि 1946 ला घरी बसले. त्या लढाईत हिंदी फौज 25 लाखांवर गेली होती. लढाई संपल्यावर एवढी माणसं कोण पोसणार? थोडी रोकड, एक डिस्चार्जचा कागद, पदकं आणि गावापर्यंतचा वॉरंट हातात देऊन मोकळं केलं. पेन्शनला 15 वर्षं नोकरी लागते, आबांची सहा भरली होती. असे बिनपेन्शनीचे म्हातारे आमच्या तालुक्यात पारापारावर बसलेले असत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या विधवांसाठी राज्य सरकारनं पुढं दरमहाचं अनुदान सुरू केलं. दुसऱ्या महायुद्धात नोकरी केली आणि दुसरी पेन्शन नाही, असं असेल तर अर्ज करायचा. उशिरा का होईना, ही गोष्ट राज्यानं चांगली केली, हे माझं मत आहे. गावात ही बातमी पोचली तेव्हा आबांना जाऊन वर्ष झालं होतं.

अर्ज आजीचा करायचा ठरला. मी तेव्हा कॉलेजात होतो, म्हणून कागदाचं काम माझ्याकडं आलं. आबांची पत्र्याची ट्रंक उघडली. डिस्चार्जचं बुक वाळवीनं असं खाल्लं होतं, की हात लावताच भुगा झाला. पदकांतलं एक कुणीतरी लहानपणी गोट्यांच्या बदल्यात दिलेलं. (मीच दिलं होतं, पण तेव्हा बोललो नाही.) बोर्डातले क्लार्क स्वतः रिटायर हवालदार. ते म्हणाले, “पोरा, कागद नसू दे. नंबर असला तर बेळगावला रेकॉर्डला लिहिता येतं. नंबराशिवाय फौजेत माणूस सापडत नाही.”

नंबर कुठून आणायचा? मी तोंड पाडून घरी आलो. आजी चुलीपुढं भाकरी थापत होती. तिला सांगितलं. तिनं भाकरी तव्यात टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि नंबर म्हणून दाखवला. एकेक आकडा सुटा सुटा, शाळेतली पोरं पाढे म्हणतात तसा. मी विचारलं, “तुला गं कसा ठावं?”

“आरं, आकशर मला कुटं येत हुतं? गुरुजीकडनं पत्र ल्हून घ्यायची. गुरुजी दर बारीला इचारायचे, नंबर सांग, न्हाईतर पत्र पोचायचं न्हाई. मग पाठच केला. दळताना म्हनायची.”

तिला दहापुढं मोजता येत नव्हतं, हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो.

बेळगावहून उत्तर आलं. नंबर बरोबर, नाव बरोबर, नोकरीची वर्षं बरोबर. फक्त वारस म्हणून आबांच्या आईचं नाव. भरती झाले तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. 1942 ला रजेवर आले, आठ दिवसांत लग्न उरकलं आणि परत गेले. बायकोचं नाव पलटणीत कळवायचं राहून गेलं. कागदावर आबा बिनलग्नाचे. त्या काळच्या लग्नाचा दाखला तरी कुठं मिळायचा? तेव्हा ग्रामपंचायतीचा दाखला, पोलीस पाटलाचा दाखला आणि लग्नाला हजर असलेल्या दोन माणसांची प्रतिज्ञापत्रं आणा, असं ठरलं.

पन्नास वर्षांमागच्या लग्नाला हजर असलेली माणसं शोधायला निघालो. आजीचा एक मावसभाऊ निघाला. दुसरा माणूस गावात एकच उरला होता, आणि तो आमच्या घराशी तीस वर्षं बोलत नव्हता.

ते कारण सांगायचं तर परत फौजीच्या सवलतीवरच यावं लागतं. आबांचे धाकटे भाऊ, माझे धाकटे आजोबा, स्वातंत्र्यानंतर भरती झालेले. त्यांच्या वाट्याची तीन एकर जमीन या माणसाचा बाप आणि मग हा स्वतः कुळ म्हणून कसत होता. 1 एप्रिल 1957 ला कसेल त्याची जमीन झाली. पण जमिनीचा मालक फौजेत असेल तर त्याच्यासाठी निराळा विचार होता. 1964 च्या दुरुस्तीनं कुळकायद्यात एक वेगळं प्रकरणच घातलं. सैनिकाला स्वतः कसण्यासाठी कुळाकडून जमीन परत घेता येऊ लागली. चीनची लढाई नुकतीच झालेली, आपल्याच जिल्ह्यातले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री, घरोघरी फौजीचं कौतुक. पोरगा सीमेवर उभा आणि इकडं त्याची जमीन दुसऱ्याची झाली, हे कुणालाच पटणारं नव्हतं. कायदा चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण सरकारनं फौजीला जे दिलं ते दरवेळी सरकारच्या खिशातून गेलं असं नाही. त्या तीन एकरांत त्या माणसाच्या बापाची हाडं झिजली होती. धाकटे आजोबा पेन्शनीत आले, अर्ज केला, जमीन परत मिळाली. त्या दिवसापासून त्या घरानं आमच्याकडच्या लग्नाची अक्षत घेतली नाही, की मयताला खांदा दिला नाही.

त्याच्या दारात जायला घरातलं कुणी तयार होईना. वडील म्हणाले, नको ते अनुदान. आजी काही बोलली नाही. संध्याकाळी डोईवर पदर घेऊन एकटीच गेली. काय बोलणं झालं ते तिनं कधी सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, “च्या पाजला.”

ठरल्या दिवशी तो माणूस तालुक्याला आपल्या पैशानं आला. एसटीत आमच्याबरोबर नाही बसला, मागच्या बाकावर बसला. कचेरीत विचारलं, लग्न पाहिलं का? तो म्हणाला, “पाह्यलं म्हंजी? पंगतीला आमटी मीच वाडली. नवरदेव खाकी घालून बोहल्यावर उबा. त्याला दुसरा सदराच नव्हता.” अंगठा उठवला, शाई धोतराच्या सोग्याला पुसली आणि चालू लागला. आजीकडं बघितलंही नाही.

पुढं कागद कुठं कुठं फिरले ते लिहीत बसत नाही. एका कचेरीत फाइल हरवली आणि ती दुसऱ्या टेबलाखाली सापडली. असल्या गोष्टी प्रत्येकाच्या घरात आहेत. दीड वर्षानं अनुदान सुरू झालं. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला जाताना आजी चिडायची. “म्या जित्ती हाय, ह्ये मीच जाऊन सांगायचं?”

धाकट्या आजोबांच्या घरी हे हाल झाले नाहीत. त्यांचे कागद चोख. मुलगा सैनिकी वसतिगृहात राहून शिकला. नातू फौजेतून हवालदार म्हणून उतरला आणि 15 टक्क्यांतून सरकारी नोकरीला लागला. 2020 साली बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेत घरपट्टी माफ झाली. तिथंही एक गंमत. घर माजी सैनिकाच्या किंवा त्याच्या बायकोच्या नावावर लागतं. आमच्या आळीत फौजी चार, पण तिघांची घरं नमुना आठला अजून बापाच्या आणि आज्याच्या नावावर. भावाभावांत वाटण्या नाहीत. त्या तिघांना माफी मिळेना. ते मला विचारायला येतात, मी त्यांना आधी वारसनोंद करा म्हणतो, आणि ते उठून जातात.

2018 पासून शहिदाच्या कुटुंबाला दोन हेक्टरपर्यंत जमीन द्यायचा निर्णय आहे. वीरपत्नीला एसटीचा पास आहे. मी हे सगळं एका वहीत लिहून ठेवलंय आणि गावात कुणी फौजेत गेलं, की पहिल्याच रजेला त्याला गाठतो. लग्न केलंस का? बायकोचं नाव पलटणीत कळवलंस का? पोरं हसतात. आता सगळं मोबाइलवर होतं म्हणतात. होत असेल.

पहिल्या महिन्याचे पैसे आले तेव्हा आजीनं मला बाजारला धाडलं. एक गुळाची ढेप आणि एक धोतराचं पान आणायला लावलं, आणि ते माझ्याच हाती त्या माणसाच्या घरी पाठवलं. त्यानं दारातच घेतलं, दोन्ही हातांत धरून थोडा वेळ उभा राहिला. मग गूळ आत नेऊन ठेवला आणि धोतर मला परत दिलं.